भाड्याने देण्यासाठी घर घेताना: हिशेबापासून भाडेकरूपर्यंत

भाड्याच्या उत्पन्नासाठी घर घेणे हा एक व्यवसाय आहे आणि तो व्यवसायासारखाच तपासून सुरू करावा लागतो. स्वतः राहण्यासाठी घर घेताना उजेड, शेजार, खिडकीतून दिसणारे झाड यांना किंमत देणे रास्तच असते, कारण त्याचे सुख आपल्याला रोज मिळणार असते. भाड्याने देण्याच्या घराबाबत मात्र एकच प्रश्न मध्यवर्ती राहतो: सगळा खर्च वजा जाता, वाईट वर्षातसुद्धा, हे घर स्वतःचा भार स्वतः पेलेल का? पुढच्या सर्व पायऱ्या या प्रश्नाच्या उत्तराकडे नेणाऱ्या आहेत. त्यांचा क्रम शक्यतो बदलू नये, कारण घर आधी आवडले आणि हिशेब नंतर मांडला, तर तो हिशेब आवडीच्या बाजूने झुकतो.

पहिली पायरी: कमाई कशातून अपेक्षित आहे ते ठरवा

घरातून पैसा दोन वाटांनी येतो. दर महिन्याचे भाडे ही एक वाट आणि विकताना मिळणारी वाढीव किंमत ही दुसरी. बहुतेक लोक दुसरीच्या भरवशावर घर घेतात आणि पहिलीला किरकोळ समजतात. दीर्घ इतिहास याच्या उलट सांगतो. ॲमस्टरडॅममधील हेरेनग्राख्त या कालव्याकाठच्या घरांच्या 1628 ते 1973 या काळातील व्यवहारांचा अभ्यास झालेला आहे. महागाई वजा केल्यावर त्या घरांच्या किमती या साडेतीनशे वर्षांच्या आसपासच्या काळात जेमतेम दुप्पट झाल्याचे त्यात दिसले, म्हणजे वाढीचा वेग वर्षाला अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. 16 विकसित देशांच्या 1870 ते 2015 या काळातील आकडेवारीवरचा, 2019 साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यासही हेच दाखवतो: घरांवरच्या एकूण परताव्याचा मोठा भाग भाड्यातून आला, किंमतवाढीतून नव्हे. मधल्या काळात तेजीची दशके येतात आणि त्यांची चर्चाही भरपूर होते. तरीही नियोजनाचा पाया भाडे हाच असावा. किंमत वाढली तर ती वरकमाई समजावी.

दुसरी पायरी: घर पाहण्याआधी कागदावर हिशेब मांडा

चलन आणि गाव कोणतेही असो, हिशेबाची रीत सारखीच राहते. म्हणून घराची किंमत 100 धरू आणि बाकी सगळे आकडे तिच्या प्रमाणात मांडू. खरेदीच्या वेळचा कर, नोंदणी, दलाली आणि राहण्याजोगे करण्यासाठीची डागडुजी मिळून आणखी 8 गेले, असे समजा. म्हणजे आपला खरा गुंतवलेला पैसा 108 झाला. वर्षाचे भाडे 6 आहे. विकणारा माणूस सांगेल, ‘6 टक्के परतावा आहे.’ हा ढोबळ परतावा झाला आणि त्यावर कोणताही निर्णय घेऊ नये.

आता एकेक वजाबाकी करू. वर्षात एक महिना घर रिकामे राहील असे धरले तर 0.5 गेले. मालमत्ता कर आणि विमा यांचे 0.5, इमारतीच्या सामायिक देखभालीचे 0.5, आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे 0.6. भाडेवसुली आणि देखरेख कोणाकडे सोपवली तर त्याचे 0.4, स्वतः केली तरी हा आकडा लिहावाच, कारण आपल्या वेळेलाही मोल आहे आणि उद्या आपण दूर राहायला गेलो तर हा खर्च खरोखर खिशातून जाईल. एकूण वजावट 2.5, उरले 3.5. ते 108 ने भागले की निव्वळ परतावा 3.24 टक्के येतो. त्यावर आयकर वेगळा लागेल. कोणता खर्च उत्पन्नातून वजा करू दिला जातो हे देशागणिक बदलते, म्हणून त्या बाबतीत कर सल्लागाराशी खरेदीपूर्वी एकदा सविस्तर बोलून घ्यावे.

विकणाऱ्याचे 6 आणि आपले 3.24 यांतले अंतर ही नेहमीची गोष्ट आहे. अमेरिकेतील गुंतवणूकदारांमध्ये, कर्जाचा हप्ता सोडून भाड्याचा निम्मा भाग खर्चात जातो, असा एक ठोकताळा प्रचलित आहे. प्रत्येक ठिकाणी तो जसाच्या तसा लागू पडत नाही. तरीही कोणी भाड्याच्या 10 टक्क्यांत सगळा खर्च भागतो असे सांगत असेल, तर त्याने काहीतरी मोजलेले नाही हे ओळखायला तो पुरेसा आहे. सहसा मोजायचे राहते ते मोठे पण विरळ खर्च: छताचे जलरोधन, लिफ्टची दुरुस्ती, पाण्याच्या जुन्या नळांची बदली. असा खर्च दहा-पंधरा वर्षांतून एकदा येतो आणि आला की वर्षभराचे भाडे गिळून टाकतो. म्हणून दुरुस्तीचा वाटा दरवर्षी वेगळ्या खात्यात जमा करावा, त्या वर्षी काहीही बिघडले नसले तरीही.

तिसरी पायरी: कर्ज किती झेपेल ते घरालाच विचारा

कर्जाबद्दल सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. वरच्याच घरासाठी 60 इतके कर्ज, 8 टक्के व्याजाने, 20 वर्षांसाठी घेतले, तर वर्षाचे हप्ते सुमारे 6.02 होतात. घराच्या हाती उरतात 3.5. म्हणजे दरवर्षी सुमारे 2.5 आपल्याला पगारातून किंवा बचतीतून भरावे लागणार. पहिल्या वर्षी त्यातले जवळपास 1.27 मुद्दलफेडीत जातात, ते आपलेच आहेत. उरलेले सुमारे 1.25 मात्र निव्वळ तूट आहे, कारण व्याज भाड्याच्या उत्पन्नापेक्षा जास्त आहे. घराचा निव्वळ परतावा कर्जाच्या व्याजदरापेक्षा कमी असतो तेव्हा प्रत्येक जादा कर्जाऊ पैसा चालू उत्पन्न खाली ओढतो. ‘भाडेकरूच हप्ता भरतो’ हे वाक्य अशा घराला लागू होत नाही.

मग किती कर्ज घ्यावे? घराचे निव्वळ उत्पन्न हप्त्याच्या किमान सव्वापट असावे, ही कसोटी अनेक कर्जदाते स्वतः वापरतात. ती आपणही वापरावी. 3.5 ला 1.25 ने भागले की वर्षाचा झेपणारा हप्ता 2.8 येतो आणि त्याच अटींवर त्यातून सुमारे 28 इतकेच कर्ज निघते. आता ताण देऊन पाहा: व्याजदर बदलता असेल आणि तो 10 टक्क्यांवर गेला, तर 28 च्या कर्जाचा वार्षिक हप्ता सुमारे 3.24 होईल. 3.5 मधून तोही भागतो. तेवढे अंतर मुद्दाम राखलेले असते, आणि माझ्या मते या संपूर्ण व्यवहारात त्याच्याइतकी मोलाची दुसरी कोणतीही गोष्ट नाही.

एवढे स्वतःचे पैसे हाती नसतील तर त्याचा अर्थ ते घर आत्ता आपल्यासाठी नाही, किंवा त्याची किंमत भाड्याच्या मानाने जास्त आहे. दोन्हींपैकी काहीही असले तरी थांबणे शहाणपणाचे. अमेरिकेत 2006 ते 2012 या काळात घरांच्या किमती राष्ट्रीय पातळीवर सुमारे एक-चतुर्थांशाने उतरल्या. ज्यांचा हप्ता भाड्यातून निघत होता त्यांना ती घसरण कागदावर सोसून पुढे जाता येत होते. ज्यांना दरमहा पदरचे घालावे लागत होते, त्यांच्यापुढे नोकरी जाताच पडत्या भावाने विकण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. म्हणून कर्जाखेरीज किमान सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च भागेल एवढी रोकड वेगळी ठेवल्याशिवाय सही करू नये.

चौथी पायरी: आपल्या वेळेला आणि स्वभावाला जुळणारी पद्धत निवडा

एकच सदनिका दीर्घ मुदतीसाठी एका कुटुंबाला देणे ही सर्वांत शांत पद्धत आहे. उत्पन्न बेताचे, पण कटकट कमी. तिचा दोष एवढाच की घर रिकामे झाले की उत्पन्न एकदम शून्यावर येते. दोन-चार बिऱ्हाडांची छोटी इमारत घेतली तर एक घर रिकामे असताना बाकीची चालू राहतात आणि छत, टाकी, कुंपण यांचा खर्च वाटला जातो. मात्र त्यासाठी भांडवल जास्त लागते आणि शेजाऱ्यांमधली भांडणेही शेवटी मालकाच्याच दारात येतात. नवख्या माणसासाठी मला सर्वांत रास्त वाटते ती तिसरी वाट: मोठे घर घेऊन एका भागात स्वतः राहावे आणि दुसरा भाग भाड्याने द्यावा. देखरेख सोपी जाते, राहण्याचा खर्च वाचतो, आणि घरमालकपण आपल्याला जमते का हे छोट्या प्रमाणावर कळते.

जुने, दुर्लक्षित घर स्वस्तात घेऊन दुरुस्त करणे आणि वाढलेल्या भाड्यावर देणे ही पद्धत आकर्षक दिसते, आणि बांधकामाची जाण असलेल्याला ती साधतेही. इतरांनी दुरुस्तीचा अंदाज दोन कंत्राटदारांकडून लेखी घ्यावा, त्यात किमान पाचवा हिस्सा वाढवावा आणि काम चालू असतानाच्या महिन्यांचे बुडालेले भाडेही खर्चात धरावे. खोल्या स्वतंत्रपणे विद्यार्थ्यांना किंवा नोकरदारांना दिल्या तर एकूण भाडे वाढते, तसेच ये-जा, झीज आणि हिशेबही वाढतात.

दिवसांच्या हिशेबाने पर्यटकांना घर देण्याच्या पद्धतीबद्दल एक इशारा आवश्यक आहे. तिचे उत्पन्न हंगामी असते आणि नियम एका फटक्यात बदलू शकतात. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर 2023 पासून अल्पमुदतीच्या भाड्यासाठी नोंदणीची सक्ती अमलात आणली; तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचे तर यजमानाने स्वतः तिथेच राहिले पाहिजे, हा नियम त्यातून काटेकोर झाला आणि अनेकांचे गणित कोलमडले. म्हणून असे घर घेताना, हेच घर उद्या साध्या मासिक भाड्यावर द्यावे लागले तर हप्ता निघेल का, हे तपासूनच पुढे जावे. ज्यांना यातले काहीच करण्यास वेळ नाही, त्यांनी भाड्याच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या, शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या न्यासांचे, म्हणजे रीट्सचे, हिस्से विचारात घ्यावेत. अमेरिकेत 1960 च्या कायद्याने सुरू झालेली ही व्यवस्था आता अनेक देशांत आहे.

पाचवी पायरी: परिसर भाडेकरूच्या नजरेने पाहा

आपल्याला कुठे राहायला आवडेल हा इथे प्रश्नच नाही. भाडेकरू सकाळी कामावर कसा जाईल, रात्री उशिरा कसा परतेल, दवाखाना आणि किराणा किती अंतरावर आहेत, हे चालून पाहावे. परिसरात रोजगार देणारी ठिकाणे अनेक असावीत. एकाच कारखान्यावर किंवा एकाच महाविद्यालयावर उभी असलेली भाडेबाजारपेठ ते बंद पडताच रिकामी होते. जाहिरातीतले भाडे ही मालकाची इच्छा असते, प्रत्यक्ष ठरलेले भाडे वेगळे असते. त्यासाठी त्याच इमारतीतल्या आणि शेजारच्या तीन-चार भाडेकरूंशी बोलावे. तशाच घराची जाहिरात किती आठवडे झळकत राहते हेही टिपून ठेवावे, कारण रिकाम्या काळाचा खरा अंदाज तिथूनच मिळतो. आसपास शेकडो नवी घरे पूर्ण होण्याच्या बेतात असतील, तर पुढच्या दोन वर्षांत भाडे वाढण्यापेक्षा उतरण्याची शक्यता अधिक आहे.

भाडेनियंत्रणाचे स्थानिक कायदे याच टप्प्यावर वाचावेत. बर्लिनमध्ये फेब्रुवारी 2020 मध्ये भाडी गोठवणारा कायदा लागू झाला आणि एप्रिल 2021 मध्ये जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला. मधल्या वर्षभरात मालक आणि भाडेकरू दोघांनाही आपले आकडे पुन्हा पुन्हा मांडावे लागले.

सहावी पायरी: घर तपासताना पाण्याचा माग काढा

घराचे बहुतेक महागडे आजार पाण्यातून सुरू होतात. म्हणून पहिली भेट शक्यतो पावसाच्या दिवसांत किंवा पावसानंतर लगेच ठेवावी. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, बोट फिरवून पाहावे: रंगाला फुगे आलेले असतील, बोटाला पांढरी भुकटी लागत असेल, तर लोणा धरलेला आहे आणि आत ओल मुरते आहे. सगळे घर जुन्या रंगाचे आणि एकच भिंत नुकतीच रंगवलेली दिसली, तर ती का रंगवली हे विचारावे. न्हाणीघराच्या दाराची चौकट तळाशी फुगलेली आहे का ते पाहावे. त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे जाऊन त्याच्या छतावरचे डाग पाहण्याची परवानगी मागावी. विकणारा जे सांगत नाही ते खालचा शेजारी पहिल्या दोन मिनिटांत सांगतो.

मग दोन नळ एकत्र सोडून पाण्याचा दाब पाहावा, संडासची टाकी सोडून निचरा किती वेळात होतो ते पाहावे आणि विजेच्या फलकात वीजगळती होताच प्रवाह तोडणारे सुरक्षा बटण आहे याची खात्री करावी. जुन्या इमारतीसाठी स्थापत्य अभियंत्याची तपासणी करून घेणे हा खर्च वाटला तरी किमतीच्या मानाने तो नगण्य असतो. सापडलेला प्रत्येक दोष लिहून, त्याच्या दुरुस्तीचा आकडा घेऊन मगच भाव ठरवायला बसावे.

सातवी पायरी: कागदपत्रे

मालकीची साखळी, मालमत्तेवरचा बोजा, बांधकामाची परवानगी आणि कर व देखभालीची थकबाकी ही तपासणी स्वतंत्र वकिलाकडून करून घ्यावी. विकणाऱ्याने सुचवलेला वकील नको. इमारतीचे नियम भाड्याने देण्यास किंवा अल्पमुदतीच्या वास्तव्यास आडकाठी करतात का, हे लेखी मिळवावे. घरात आधीच भाडेकरू असेल तर त्याचे भाडे, अनामत रक्कम, कराराची मुदत आणि दिलेली तोंडी आश्वासने त्याच्याच सहीने लिहून घ्यावीत. अनामत रक्कम खरेदीच्या हिशेबात आपल्याकडे वळती झाली नाही, तर भाडेकरू घर सोडेल त्या दिवशी ती आपल्या पदरची जाते.

आठवी पायरी: भाडेकरू निवडणे आणि टिकवणे

भाडेकरूची निवड लेखी आणि सर्वांना सारख्याच निकषांवर करावी: उत्पन्नाचा पुरावा, ओळखपत्र, आणि आधीच्या घरमालकाशी बोलणे. सध्याचा मालक भाडेकरूला घालवण्याच्या घाईत असेल तर तो गोडच बोलेल, त्यामुळे शक्य असेल तर त्याच्याही आधीच्या मालकाशी बोलावे. मासिक उत्पन्न भाड्याच्या सुमारे तिप्पट असावे ही साधी मोजपट्टी उपयोगी पडते. जात, धर्म, आहार किंवा वैवाहिक स्थिती यांवरून कोणाला नाकारणे अन्यायाचे आहे, अनेक ठिकाणी बेकायदेशीरही आहे, आणि वेळेवर भाडे येण्याशी त्याचा काही संबंध नाही.

करारात भाड्याची तारीख, उशीर झाल्यास काय, वाढीचा दर, कोणती दुरुस्ती कोणाची, सूचनेची मुदत आणि अनामत रकमेतून काय कापता येईल हे स्पष्ट असावे. ताबा देताना दोघांनी मिळून प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत, मीटरचे आकडे लिहावेत आणि त्या यादीवर सह्या कराव्यात. घर सोडताना होणारे बहुतेक वाद या अर्ध्या तासाच्या कामाने टळतात.

भाडेवाढीच्या वेळी हे गणित समोर ठेवावे. महिन्याचे भाडे 10 आहे आणि आपल्याला ते 5 टक्क्यांनी वाढवून 10.5 करायचे आहे. चांगला भाडेकरू त्यामुळे निघून गेला आणि घर एकच महिना रिकामे राहिले, तर बुडालेले 10 भरून निघायला वाढीव 0.5 ने 20 महिने लागतात, आणि त्यात रंगकाम व दलाली धरलेलीच नाही. याचा अर्थ भाडे वाढवूच नये असा नाही. वर्षानुवर्षे मागे पडलेले भाडे एकदम वाढवणे दोघांनाही जड जाते. दरवर्षी थोडी, आधी सांगितलेली, बाजाराच्या किंचित खालची वाढ सर्वांत कमी खर्चाची ठरते. त्याच्या जोडीला तक्रारीची तत्परता हवी. गळका नळ दोन दिवसांत दुरुस्त करणारा मालक भाडेकरूला घर सोडायचे कारण देत नाही, आणि ती गळती वाढून भिंतीत जाण्याआधी थांबते.

नववी पायरी: नोंदी, आढावा आणि विक्री

भाड्याच्या घरासाठी बँकेत स्वतंत्र खाते ठेवावे. प्रत्येक पावती, मोठ्या दुरुस्तीचे प्रत्येक बिल जपावे. भाड्यावरचा कर भरताना आणि विक्रीच्या वेळी नफा मोजताना ती लागतात. वर्षातून एकदा दुसऱ्या पायरीतला हिशेब पुन्हा मांडावा, पण या वेळी खरेदी किमतीऐवजी आजची विक्री किंमत घेऊन. समजा घराची किंमत 100 वरून 180 झाली आणि निव्वळ भाडे 3.5 वरून 4.2 वर आले. खरेदी किमतीवर तो परतावा वाढलेला दिसतो. आजच्या किमतीवर मात्र तो 2.33 टक्केच आहे. विक्रीचा कर आणि खर्च वजा जाऊन हाती येणारी रक्कम कमी जोखमीच्या दुसऱ्या गुंतवणुकीत याहून बरेच जास्त देत असेल, तर विक्रीचा विचार गांभीर्याने करावा. छताचे किंवा नळांचे मोठे काम दोन-तीन वर्षांवर आले असेल, तर त्याचा आकडाही याच तुलनेत धरावा.

विकायचे ठरले तर भाडेकरूला आधी सांगावे, करारातली सूचनेची मुदत पाळावी आणि शक्य असेल तर त्यालाच पहिली विचारणा करावी. त्या घरातला प्रत्येक गुणदोष त्याला ठाऊक असतो, आणि सौदा जुळला तर दलाली व रिकाम्या महिन्यांचा खर्च दोन्ही बाजूंचा वाचतो.